डोंगरमाथ्यावरील रान व खालचें पाणी

बोरिवली, मुलुंड व अंधेरी यांच्या दरम्यान जें डोंगराळ रान उरलें आहे, तें आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नांवानें ओळखलें जातें. क्षेत्र सुमारें १०४ चौरस किलोमीटर. शहरवासी तेथें सहलीस जातात. शेतकऱ्यानें मात्र तें पाणलोट म्हणून पाहावें.

येथील विहार तलाव १८६० मध्यें व तुळशी तलाव १८७९ मध्यें पुरा झाला. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात तलावांच्या सांठ्यांत या दोहोंचा वांटा आज शंभरांत सुमारें अडीच भागच आहे. परंतु तलावांसाठीं त्यांचा पाणलोट राखला गेला, आणि त्या आडोशानें चितळ, सांबर व बिबळ्याही टिकले. कान्हेरीच्या भिक्षूंनीं तर त्यापूर्वीं कित्येक शतकें लेण्यांलगत खडकांत टाकीं खोदून पावसाचें पाणी धरिलें होतें. शिलालेखांत त्यांस ‘पोढी’ म्हटलें आहे.

येथील खडक काळा व कठीण असून उतारावर मातीचा थर पातळ आहे. झाडोरा असला म्हणजे पावसाचा थेंब पानांवर फुटतो, पाचोळ्यांत थांबतो आणि मुळांच्या वाटेनें खडकाच्या भेगांत उतरतो. तेंच पाणी पुढें झऱ्यांतून सावकाश बाहेर पडतें. माथा उघडा पडला कीं तोच थेंब माती घेऊन धांवतो. श्रावणांत ओढा फुगतो व माघांत विहीर तळ गांठते.

अलीकडे पावसाची चालही बदलली आहे. अरबी समुद्र तापत असून थोड्या वेळांत अतोनात पाऊस कोसळण्याचे प्रसंग वाढले आहेत. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि विहारकडून निघणाऱ्या मिठी नदीनें कांठच्या वस्त्या बुडविल्या. एवढा पाऊस कोणतेंही रान जिरवूं शकत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. अशा दिवशीं रुंद पात्र हाच आधार. आणि मिठीचें पात्र भराव व बांधकामांनीं आंखडलेलें होतें. म्हणून माथा राखावा, तसाच ओढाही मोकळा ठेवावा.

उपनगरांत भातखाचरें आतां फार थोडीं उरलीं आहेत. पण ठाणें, पालघर व रायगडकडील ज्या बंधूंच्या खाचरांवर वरकस आहे, त्यांचा प्रश्न हाच आहे. राबासाठीं दरसाल फांद्या तोडून माथा बोडका करूं नये. कुजलेल्या शेणखतावर गादीवाफ्यांत रोपें चांगलीं येतात. चर उतारास आडवे व एकाच पातळींत खणावे. पातळी चुकल्यास पाणी एका टोंकास जमून चर फुटतो, आणि न खणलेला बरा असें होतें! गवत वाळूं लागतांच हद्दीलगतचा पट्टा साफ करावा, म्हणजे वणवा आंत शिरत नाहीं.

रान राखलें तर बिबळ्या येईल, ही भीति खोटी नाहीं. मुंबईच्या या रानांत व आसपास २०१८ च्या गणनेंत ४७ बिबळे आढळले. उकिरड्यांवर पोसलेलीं कुत्रीं हें त्यांचें सोपें भक्ष्य. जुन्नरकडे २००१ नंतर बिबळे पकडून दूर नेऊन सोडण्यांत आले. पुढें अभ्यासकांना असें दिसलें कीं, जेथें ते सोडले तेथें माणसांवरील हल्ले वाढले. तेव्हां पिंजरा मागण्यापूर्वीं गोठ्यास भक्कम दार करावें, शेळ्या रात्रीं बाहेर बांधूं नयेत, उकिरडा घरापासून दूर न्यावा, आणि तिन्हीसांजेनंतर मुलांस एकटें ओढ्याकडे पाठवूं नये.