मॉरिशस बेटावरील पावसाची तूट

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस, मॉरिशस हे सुमारे १८६५ चौरस किलोमीटरचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज तेथे राहतात. काही शाळांत मराठी हा विषयही आहे. चोहोंकडे समुद्र असता पाण्याची टंचाई कशी, हा प्रश्न विद्यार्थी विचारणारच. त्याचे उत्तर सह्याद्रीच्या दाखल्याने सुलभ होते.

आग्नेय व्यापारी वारे समुद्रावरील बाष्प घेऊन बेटाच्या मध्यवर्ती पठारावर चढतात. तेथे वर्षाकाठी ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ८०० ते ९००. महाबळेश्वर आणि वाई ही दोन्ही ठिकाणे ज्याने पाहिली त्यास अधिक सांगणे नको. बाहेरून येणारी नदी नाही. आकाशातून पडेल तेवढेच पाणी. मार ओ वाकोआ या सर्वांत मोठ्या तलावात सुमारे २ कोटी ६० लक्ष घनमीटर पाणी मावते.

मुख्य पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल या, दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात पडतो. त्यात चक्रीवादळांचा वाटा मोठा. वादळ दुरून गेले की घरे वाचतात, पण तलाव रिते राहतात! १९९९ च्या अवर्षणात साखरेचे उत्पादन आदल्या वर्षाहून सुमारे ४० टक्क्यांनी घटले.

१९५० नंतरच्या दशकाशी तुलना करता एकविसाव्या शतकाच्या आरंभी पाऊस सुमारे ८ टक्क्यांनी उणा झाला, असे तेथील हवामान खात्याची नोंद सांगते. आकडा लहान दिसतो. परंतु खरी अडचण बेरजेत नाही. उन्हाळी पावसाचा आरंभ लांबू लागला आहे, आणि तलाव तळास गेलेले असतात तेव्हाच उष्मा वाढत असतो. पावसाचे दिवस कमी झाले, सरी मात्र उग्र झाल्या. ३० मार्च २०१३ रोजी राजधानी पोर्ट लुईमध्ये दोन तासांच्या आत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळून ११ माणसे दगावली. शहर पश्चिम किनाऱ्यावर. ते पाणी पठारावरील तलावांस न मिळता समुद्रास मिळाले.

शाळेत पर्जन्यमापक असल्यास विद्यार्थ्यांकडून केवळ महिन्याची बेरीज घेऊ नये; दोन पावसांमधील कोरडे दिवसही मोजून वहीत लिहवून घ्यावेत.