माहितीचे धन आणि मूळ धन्यांचा वाटा

शेत एकाचे, बैल दुसऱ्याचे, राबणारा तिसरा. खळ्यावर मात्र प्रत्येकाचा वाटा पडतो. ही रीत आपल्या परिचयाची आहे. परंतु व्यवहार नुसत्या माहितीचा असेल, तर वाटा कोणी कोणास द्यावा?

एक उदाहरण घेऊ. १९८७ च्या डिसेंबरात केरळातील अगस्त्य पर्वतात काही शास्त्रज्ञ वनस्पतींच्या शोधात हिंडत होते. चढणीने ते दमले. बरोबरचे काणी आदिवासी वाटाडे मात्र ताजेतवाने! ते एका लहानशा रोपाची फळे खात होते. पाहुण्यांनीही ती खाल्ली आणि त्यांना हुशारी वाटली. त्या 'आरोग्यपच्चा' वनस्पतीवर संशोधन होऊन 'जीवनी' हे औषध निघाले. १९९५ मध्ये ते बनविण्याचा परवाना १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के मानधन या अटींवर देण्यात आला, आणि त्यातील निम्मा भाग काणींचा ठरला. ज्याला ती वनस्पती हवी, त्याला त्यांच्या रानात यावे लागे. म्हणून वाट्याची बोलणी तरी होऊ शकली.

आता रानात यावेच लागत नाही. प्रत्येक सजीवाच्या पेशीतील डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली पोथीच होय. यंत्र ती वाचते आणि संगणकात साठविते. आरोग्यपच्चाची ही पोथीही २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. अशी भांडारे सर्व जगाला खुली आहेत, आणि ज्ञानवृद्धीसाठी ती खुली असावीत हेच योग्य. पण त्यांतून नफा मिळविणाऱ्याला कोणाच्या दारी जाऊन विचारण्याचे कारण उरत नाही. शिवाय एकाच औषधासाठी असंख्य सजीवांची माहिती चाळली जाते. त्यांत कोणत्या डोंगराचा भाग किती, हे कसे सांगावे?

यावर तोडगा म्हणजे सामाईक निधी. कोलंबियातील काली येथे २०२४ मध्ये राष्ट्रांनी असे ठरविले, की या माहितीवर चालणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उत्पन्नाचा ०.१ टक्का द्यावा, आणि निदान निम्मी रक्कम आदिवासी व स्थानिक समाजांकडे जावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा निधी सुरू झाला.

मात्र या ठरावात 'द्यावा' असे आहे, 'दिलाच पाहिजे' असे नाही. खळ्यावर वाटा मागणारा समोर उभा असतो. त्याला रिकाम्या हाताने पाठविणे जड जाते. इथे मागणारा दिसतच नाही. म्हणूनच हा वाटा देणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता प्रत्येक देशाने कायद्याने बांधला पाहिजे.