त्रास नसतानाच करायची तपासणी

भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार जणी त्यात दगावतात. हा कॅन्सर होण्याआधीच तपासणीने ओळखता येतो. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी एकदा तरी केलेल्या शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. अर्नाळ्याची मासळीवाली असो की बोळींजहून रोज विरार लोकलने चर्चगेट गाठणारी नोकरदार, तपासणी टाळण्यामागचे समज बहुतेक तेच असतात.

‘मला काही त्रासच नाही, मग कशाला?’

सगळ्यात घातक समज हाच. या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. हे दाखवून देणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा १५ ते २० वर्षं जातात. एवढ्या काळात पेशी हळूहळू बदलत असतात, पण दुखत नाही, खुपत नाही. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसणं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं ही लक्षणं दिसू लागतात तेव्हा आजार पुष्कळदा पुढे गेलेला असतो. अशी लक्षणं असतील तर तपासणी शिबिराची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडेच जायला हवं.

त्रास नसताना केलेल्या तपासणीने जीव वाचतात, याचा पुरावा महाराष्ट्रानेच जगाला दिला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होतं. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही तपासणी झाली तिथे या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत, जवळपास निम्मे झाले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला आणि तो रास्तच होता. त्या बायकांमुळे जगाला उत्तर मिळालं आणि आपणच ते वापरत नाही, याची मला फार खंत वाटते.

‘खूप दुखतं, आणि लाज वाटते’

लाज वाटणं खरं आहे, त्यात चूक काही नाही. पण आत काय होतं ते आधी माहीत असेल तर भीती बरीच ओसरते. पाळी चालू नसतानाचा दिवस निवडा. आधीचे दोन दिवस संबंध आणि योनीत ठेवायची औषधं टाळा. जाताना लघवी करून जा. कपडे फक्त कमरेखालचे काढावे लागतात. साडी किंवा सैल कुर्ता असेल तर वर सारूनही भागतं, वरून चादर मागता येते. तुम्ही पाठीवर झोपता, गुडघे वाकवून पाय फाकवता. तपासणारी व्यक्ती स्पेक्युलम नावाचं साधन हळूच आत सरकवते, म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. तेव्हा दाब जाणवतो. अंग आकसून धरलं तर जास्त जाणवतं, म्हणून तोंडाने सावकाश श्वास सोडत राहा.

पुढचं काम तपासणीच्या प्रकारावर अवलंबून. पॅप किंवा एचपीव्ही तपासणीत छोट्या ब्रशने पेशी घेतात; रिपोर्ट काही दिवसांनी मिळतो. व्हीआयए तपासणीत सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. थोडं चुरचुरतं, पण निकाल तिथल्या तिथे कळतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा मेमोरियलने दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन हीच तपासणी दीड लाखांच्या आसपास बायकांच्या अभ्यासात वापरली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

भूल लागत नाही, टाके नाहीत, तुम्ही चालत घरी जाता. एखादा रक्ताचा डाग दिसू शकतो. पहिलीच वेळ आहे, भीती वाटतेय, असं आधीच सांगा. स्त्री डॉक्टर किंवा सोबत नर्स हवी, असं म्हणायचा आणि दुखलं तर ‘थांबा’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

‘पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर, पिशवी काढा’

नाही. एचपीव्ही अत्यंत सामान्य आहे आणि बहुतेकींचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप घालवतं. पॉझिटिव्ह म्हणजे आणखी नीट बघायला हवं, एवढंच. मग कॉल्पोस्कोपी करतात, म्हणजे भिंगातून बघतात. गरज पडल्यास छोटा तुकडा तपासतात. कॅन्सरपूर्व बदल निघाले तर तेवढाच भाग जाळून किंवा कापून काढता येतो, बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण उघड झालं. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, आणि अनेकींना कॅन्सरची भीती घालण्यात आली होती. तपासणीविना, तुकड्याच्या रिपोर्टविना कोणी ‘कॅन्सर होईल, पिशवी काढा’ म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

‘माझा संबंध फक्त नवऱ्याशी’, ‘पाळी गेली’, ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’

विषाणू एकाच जोडीदाराकडूनही येतो आणि वर्षानुवर्षं गप्प राहतो. त्यावरून कोणाच्या वागण्याचा निवाडा करू नये. पाळी गेल्यावरही धोका राहतो, फक्त तेव्हा व्हीआयएपेक्षा एचपीव्ही तपासणी बरी. सोनोग्राफीत पेशींमधले सुरुवातीचे बदल दिसत नाहीत. एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी चुकवायची नाही.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते. विरारमध्ये राहत असाल तर आपल्या भागातल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना एवढंच विचारा: ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी कुठल्या वारी असते?’ उत्तर मिळालं की तो वार ठरवा, आणि बहिणीला, जावेला, शेजारणीलाही सोबत न्या.