गव्हात घातलेलं जनुक गप्प का बसतं?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली: "दादा, जीएम गव्हात जनुक एकदा घातलं की पुढच्या प्रत्येक पिढीत ते चालणारच ना? मोबाईलमध्ये ॲप टाकल्यासारखं?"

मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. पण ॲप फोनमध्ये आहे आणि उघडतच नाही, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. गव्हातही तसंच होतं.

1992 साली फ्लोरिडा विद्यापीठात इंद्र वासिल यांच्या गटाने पहिला जीएम गहू तयार केला. पद्धत काय, तर जीन गन. धातूच्या बारीक कणांना डीएनए चिकटवायचा आणि ते कण पेशींवर चक्क झाडायचे. जनुक होतं तणनाशक सोसण्याचं.

आता वारशाचा हिशोब बघा. गहू स्वतःच्याच परागकणांनी फळतो. जनुक गुणसूत्रांच्या जोडीतल्या एकावरच बसलं असेल, तर पुढच्या पिढीत चारातल्या सरासरी तीन रोपांत ते येतं, एकात नाही. मेंडेलचं शाळेतलं गणित! म्हणजे तणनाशक फवारलं की पाव रोपं जळायला हवीत.

पण कधीकधी त्याहून कितीतरी जास्त जळतात. मग जनुक हरवलं का? जळणाऱ्या रोपांची पीसीआर करा (हो, कोरोनात नाव ऐकलेलीच). बऱ्याचदा जनुक जागेवर सापडतं. आहे, पण गप्प आहे.

ते गप्प होतं दोन प्रकारे. एक, जनुकाचं बटण म्हणजे प्रमोटर, त्यावर मिथाइलचे कण चिकटतात आणि वाचनच बंद पडतं. हे कुलूप बियांतून पुढच्या पिढीतही जाऊ शकतं. दुसरं, वाचन होतं, पण तयार झालेल्या आरएनएचे पेशी तुकडे करते. जीन गनमुळे एकाच ठिकाणी अनेक प्रती घुसतात, काही उलट्यासुलट्या, आणि झाडाला संशय येतो.

संशय रास्तच म्हणा. गव्हाचे तब्बल 85 टक्के डीएनए उड्या मारणाऱ्या जनुकांचे किंवा त्यांच्या अवशेषांचे आहे. त्यांना दाबून ठेवलं नाही तर गव्हाचं काही खरं नाही. त्यात विषाणूही असतात. बिचारं आपलं जनुकही त्याच पोलिसांच्या हाती लागतं! 1990 मध्ये पेटुनियाचा जांभळा रंग गडद करायला जादा जनुक घातलं, तर काही फुलं पांढरी निघाली. झाडाने घातलेलं आणि स्वतःचं, दोन्ही जनुकं बंद केली होती.

सगळ्यात त्रासदायक म्हणजे हे पहिल्या पिढीत दिसेलच असं नाही. आपल्याकडे जीएम गव्हाच्या लागवडीला परवानगी नाही. पण अर्जेंटिनाने 2020 मध्ये सूर्यफुलाचं जनुक असलेला, दुष्काळ सोसणारा एचबी4 गहू मंजूर केला. अशा वाणाचं जनुक चौथ्या पिढीत गप्प झालं, तर शेतकऱ्याला कळणार कधी? पाऊस दडी मारेल तेव्हाच. म्हणून संशोधक भरपूर रोपं बनवतात, शक्यतो एकच प्रत असलेली ठेवतात, पिढ्यानपिढ्या तपासतात आणि बाकीची सरळ फेकून देतात.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!