तंत्रज्ञान आणि मानवशास्त्र : आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर पदवीची रचना आणि नियम
(अभ्यासक्षेत्र : भिलाई, छत्तीसगड)

हा पाठ पदवीच्या शेवटच्या एक-दोन वर्षांत असलेल्यांसाठी आहे. तंत्रज्ञान आणि मानवशास्त्र एकत्र शिकवणाऱ्या पदव्युत्तर पदवीचे माहितीपत्रक हातात आले, तर ते कसे वाचायचे, हे येथे पाहू.

उद्दिष्टे. हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला
• हे दोन विषय एकत्र का शिकवले जातात, ते उदाहरणासह सांगता येईल;
• पदवीचे नाव, पात्रता आणि श्रेयांक यांचे नियम समजावून सांगता येतील;
• एखाद्या अभ्यासक्रमात दोन विषय खरोखर जोडलेले आहेत की नुसते शेजारी ठेवले आहेत, हे ओळखता येईल.

१. हे दोन विषय एकत्र का?

भिलाईचे उदाहरण घेऊ. सोव्हिएत संघाबरोबर १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. रेल्वेच्या रुळांसाठी हा कारखाना देशभर ओळखला जातो.

या भागातले लोखंड मात्र कारखान्याहून कितीतरी जुने आहे. मैकल डोंगररांगांच्या परिसरातले अगरिया लोक मातीच्या लहान भट्ट्यांत, पायाने भाते चालवून लोखंड गाळत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर ‘द अगरिया’ हे पुस्तक लिहिले. त्यात भट्टीची बांधणी आहे, तशाच लोहासुराच्या कथाही आहेत. अगरियांच्या दृष्टीने भट्टी आणि कथा या वेगळ्या गोष्टी नव्हत्या. फक्त भट्टीचे माप घेणाऱ्याला कथा दिसली नसती आणि फक्त कथा गोळा करणाऱ्याला लोखंड कसे तयार होते ते कळले नसते.

पुढे जॉनथन पॅरी या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून भिलाईत दीर्घकाळ क्षेत्रकार्य केले. त्यावरचे त्यांचे ‘क्लासेस ऑफ लेबर’ हे पुस्तक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. कारखान्यातला कायम कामगार आणि त्याच आवारात राबणारा ठेकेदाराचा मजूर यांच्यातली दरी त्यांनी तपशिलाने दाखवली. एकाकडे ‘नोकरी’ आहे, दुसऱ्याकडे फक्त ‘काम’. मराठीतही या दोन शब्दांतला फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आता समजा, एखाद्या अभियंत्याने विषारी वायूची सूचना देणारे उपकरण बनवले आणि ते फक्त कायम कामगारांच्या हजेरीपटानुसार वाटले गेले. उपकरण अचूक असूनही मोठा धोका पत्करणारी माणसे त्याच्या कक्षेबाहेर राहतील. ही चूक विद्युतमंडलात सापडणार नाही. ती हजेरीपट कसा तयार होतो हे माहीत नसल्यामुळे होते.

या पदवीचा हेतू एवढाच आहे : यंत्राचा आणि माणसांच्या व्यवहाराचा प्रश्न एकाच वेळी हाताळू शकणारा पदवीधर तयार करणे.

२. अशा पदव्या कोठे आहेत?

डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठात ‘टेक्नो-अँथ्रोपॉलॉजी’ याच नावाची पदवी आहे. पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे, १२० युरोपीय श्रेयांकांचे असते. हे विद्यापीठ प्रकल्पाधारित शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. तेथे सत्राच्या अभ्यासाचा मोठा हिस्सा गटाने करायच्या प्रकल्पाला दिलेला असतो.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे जुने उदाहरण मुंबईत आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे १९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र स्थापन झाले. ते ‘सितारा’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. तेथे ‘तंत्रज्ञान आणि विकास’ या विषयात एम.टेक. करता येते. पाणीपुरवठा, ऊर्जा, शेती असे प्रश्न गावात जाऊन अभ्यासणे हा त्या शिक्षणाचा कणा आहे.

भिलाईतही २०१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. कारखाना, खाणी, त्यांच्याभोवतीची गावे आणि तंत्रशिक्षण संस्था एकाच परिसरात असल्यामुळे अशा अभ्यासासाठी याहून सोयीचे क्षेत्र मिळणे कठीण.

३. पदवीचे नाव : पहिला नियम

एम.ए., एम.एस्सी. की एम.टेक. हा केवळ नावाचा प्रश्न नाही. विद्यापीठांनी कोणत्या पदव्या द्याव्यात हे विद्यापीठ अनुदान आयोग १९५६ च्या कायद्याच्या कलम २२ नुसार ठरवतो. भारतीय तंत्रज्ञान संस्थांचा कारभार १९६१ च्या स्वतंत्र कायद्यानुसार चालतो. २०१६ च्या दुरुस्तीने भिलाईचा त्यात समावेश झाला. या संस्थांत अभ्यासक्रम आणि परीक्षांचे नियम त्यांची अधिसभा, म्हणजे सिनेट, ठरवते.

याचा तुमच्यावर काय परिणाम होतो? पुढे महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर संबंधित किंवा संलग्न विषयातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी लागते (आरक्षित प्रवर्गांना नियमानुसार सवलत असते). राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, म्हणजे नेटमध्ये, मानवशास्त्र हा विषय आहे. पण तुमची पदवी ‘संलग्न’ मानली जाईल का, हा प्रश्न नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी नव्हे, प्रवेशाच्या दिवशी विचारायचा असतो. गुणपत्रिकेवर विषयांची नावे स्पष्ट छापली जातात का, हेही तेव्हाच विचारा. ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास १’ अशा नावावरून पुढच्या निवड समितीला काहीच कळत नाही.

४. प्रवेशाची पात्रता

आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यातील तीन तरतुदी लक्षात ठेवा.

(अ) तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे असते. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर ते एक वर्षाचेही असू शकते.

(आ) पदवीला तुमचा मुख्य विषय कोणताही असो, दुसऱ्या विषयाची राष्ट्रीय किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालात, तर त्या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेशास पात्र ठरता. इतिहासाचा पदवीधर आणि संगणकशास्त्राचा पदवीधर एकाच बाकावर येण्याचा मार्ग यामुळे खुला झाला.

(इ) विज्ञान-तंत्रज्ञान विषयांत चार वर्षांची पदवी असेल, तर संलग्न शाखेतील एम.टेक.साठीही पात्रता मिळू शकते.

एम.टेक.चा प्रवेश सामान्यतः गेट परीक्षेतून होतो आणि तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात. गेटमध्ये २०२१ पासून मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. तिच्यात समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भाषाविज्ञान असे विभाग आले, पण मानवशास्त्राचा वेगळा विभाग नव्हता. म्हणून मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याने संस्था स्वतःची परीक्षा किंवा मुलाखत घेते का, हे आधी पाहावे.

५. श्रेयांक म्हणजे किती काम?

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका शैक्षणिक वर्षात १२०० तासांचे अध्ययन आणि ४० श्रेयांक धरले जातात. म्हणजे १ श्रेयांक = ३० तास. यात वर्ग, वाचन, प्रयोग, क्षेत्रकार्य असे सगळे येते. दोन वर्षांची पदवी किमान ८० श्रेयांकांची होते. पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक पूर्ण करून थांबल्यास पदव्युत्तर पदविका मिळण्याची सोय या आराखड्यात आहे.

युरोपातील १२० आणि आपले ८० यांची सरळ तुलना करू नका. तेथे १ श्रेयांक २५ ते ३० तासांचा असतो, म्हणून १२० श्रेयांकांचे ३००० ते ३६०० तास होतात. आपल्या ८० चे २४०० तास होतात. फरक आहे, पण तो आकड्यांवरून वाटतो तेवढाच असेल असे नाही.

हाच हिशेब क्षेत्रकार्याला लावा. माहितीपत्रकात ‘क्षेत्रकार्य : २ श्रेयांक’ असे असेल, तर ६० तास झाले. रोज आठ तास धरले तर जेमतेम आठ दिवस. एवढ्या दिवसांत गावातले रस्ते कळतात, माणसे कळत नाहीत. ८ श्रेयांक म्हणजे २४० तास, म्हणजे महिनाभराचा मुक्काम. जोड-पदवीचा खरेपणा तपासण्याची ही सर्वांत सोपी कसोटी आहे.

६. दोन वर्षांची नमुना मांडणी

पुढील मांडणी कोणत्याही एका संस्थेची नाही. ८० श्रेयांकांचा आराखडा कसा बसतो, हे समजण्यासाठी ती केली आहे.

• पहिले सत्र (२०) : पूरक विषय ४, तंत्रज्ञान आणि समाज ४, क्षेत्रपद्धती ४, संख्याशास्त्र व मोजमाप ४, ऐच्छिक ४.
• दुसरे सत्र (२०) : मानवशास्त्रीय सिद्धान्त ४, रचना व प्रणाली ४, ऐच्छिक ४, गटप्रकल्प ८.
• तिसरे सत्र (२०) : क्षेत्रकार्य ८, ऐच्छिक ८, चर्चासत्र ४.
• चौथे सत्र (२०) : प्रबंध १२, ऐच्छिक ८.

दुसऱ्या वर्षात क्षेत्रकार्य आणि प्रबंध मिळून संशोधनाचे २० आणि वर्गविषयांचे २० श्रेयांक होतात. आयोगाच्या आराखड्यातील एक पर्याय असाच आहे. संपूर्ण दुसरे वर्ष संशोधनाला किंवा संपूर्ण वर्ष वर्गविषयांना देण्याचीही मुभा आहे.

पूरक विषय उलटसुलट असतो : अभियंत्याने मानवशास्त्राची ओळख करून घ्यायची आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्याने प्रोग्रॅमिंग किंवा अभियांत्रिकी मोजमाप शिकायचे. ‘स्वयम्’ मंचावरील विषयांचे श्रेयांकही घेता येतात. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून करता येतात. श्रेयांकांची नोंद शैक्षणिक श्रेयांक बँकेत होते.

७. एक प्रश्न, दोन शाखा : दल्ली-राजहरा

ही मांडणी प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. भिलाईच्या कारखान्याला दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिज मिळत आले. तेथे ठेकेदारांकडे हजारो मजूर हाताने खनिज फोडत, उचलत. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. दक्षिणेकडे बैलाडिला येथे १९७८ मध्ये यांत्रिकीकरणामुळे मजुरांच्या कामावर गदा आली होती. तीच वेळ राजहरावर येऊ नये म्हणून संघटनेने अर्ध-यांत्रिकीकरणाचा प्रस्ताव मांडला : काही टप्पे यंत्राने, काही हाताने, म्हणजे उत्पादनही वाढेल आणि माणसेही राहतील.

अभियंता विचारेल : प्रतिटन खर्च किती? कोणत्या टप्प्यावर यंत्र बसवले तर खनिजाची प्रत सुधारते? मानवशास्त्राचा विद्यार्थी विचारेल : हाताचे काम गेले तर घरातल्या कोणाची मजुरी आधी जाते? डंपर चालवण्याचे प्रशिक्षण कोणाला मिळते आणि कोणाला विचारलेही जात नाही?

दोघांनी दोन वेगळे अहवाल लिहिले, तर पदवी जोडलेली नाही. एकाच तक्त्यात प्रत्येक टप्प्यासमोर खर्च, उत्पादन, त्या टप्प्यावरची माणसे आणि त्यांच्या घरचे उत्पन्न असे स्तंभ आले, तर एकाची ओळ दुसऱ्याशिवाय भरताच येत नाही. दुसऱ्या सत्रातल्या गटप्रकल्पाचे ८ श्रेयांक यासाठी असतात. गडचिरोलीतील एटापल्ली तालुक्यात सुरजागडची लोहखाण आहे. तेथेही हाच तक्ता मांडून पाहता येईल.

८. क्षेत्रकार्य, मार्गदर्शक आणि मूल्यमापन

क्षेत्रात जाण्यापूर्वी संशोधन आराखड्याला नीती समितीची मंजुरी घ्यावी. माहिती देणाऱ्याला त्याच्या भाषेत हेतू सांगून संमती घ्यावी. भिलाईच्या आसपास ती भाषा बहुधा छत्तीसगडी असेल. ठेका मजुराचे नाव, गाव आणि ठेकेदार एकत्र लिहिले, तर त्याचे काम जाऊ शकते. म्हणून नावे बदलणे ही औपचारिकता नाही. पाचव्या अनुसूचीतील गावांत ग्रामसभेशी आधी बोलावे.

प्रबंधाला दोन मार्गदर्शक असावेत, प्रत्येक शाखेतून एक. मूल्यमापनात क्षेत्रनोंदींना स्वतंत्र गुण आहेत का, ते पाहा. सगळे गुण अंतिम सादरीकरणाला असतील, तर विद्यार्थी नोंदींपेक्षा स्लाइड सजवण्यात वेळ घालवतात.

सारांश

पदवीच्या नावात दोन विषय असणे पुरेसे नाही. ते नियमांत कोठे भेटतात ते शोधा : पूरक विषयात, गटप्रकल्पात, क्षेत्रकार्याच्या तासांत आणि दुहेरी मार्गदर्शनात. या चारही ठिकाणी उत्तर मिळाले, तर दोन वर्षे सार्थकी लागतील. एकाही ठिकाणी मिळाले नाही, तर एकाच विषयाची चांगली पदवी घेणे अधिक शहाणपणाचे.

स्वाध्याय

१. ५ श्रेयांकांचे क्षेत्रकार्य रोज सहा तासांप्रमाणे किती दिवस चालेल?
२. ‘नोकरी’ आणि ‘काम’ या भेदाचा सुरक्षा उपकरणाच्या रचनेवर कसा परिणाम होईल, ते दहा ओळींत लिहा.
३. तुमच्या जिल्ह्यातील एखादा साखर कारखाना, खाण किंवा यंत्रमाग निवडा. तेथे आलेल्या एका नव्या यंत्रासाठी कलम ७ मधील तक्ता तयार करा.
४. कोणत्याही एका संस्थेचे माहितीपत्रक घेऊन सारांशातील चार कसोट्या लावा आणि तुमचा निष्कर्ष कारणांसह मांडा.