सूर आणि वीज, भाग ६ : नवी गिटार, जुने आकडे

मागच्या भागात आपण व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या आतला सिग्नलचा प्रवास पाहिला : आधी छोटा व्हॉल्व्ह, मग टोनचे नॉब, पुढे पॉवर व्हॉल्व्ह, आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकर. आज या वाटेच्या तोंडाशी नवी गिटार जोडू. समजा, तुम्ही सिंगल कॉइल पिकअपची गिटार वाजवत होता आणि आता हंबकरची घेतली. अ‍ॅम्प तोच, नॉबही होते तिथेच. तार छेडताच आवाज गढूळ येतो, खालच्या तारा एकमेकींत मिसळतात. गिटार परत करायची घाई करू नका. नॉबचे ते आकडे जुन्या गिटारच्या सिग्नलवर बेतलेले होते. गायक बदलला की तबला नव्या पट्टीत लावून घेतात. इथेही तेच करायचं आहे.

आधी बदललं काय, ते समजून घेऊ. सिंगल कॉइलमध्ये तारेचं एकच वेटोळं असतं. ते तारांची थरथर पकडतं, आणि घरातल्या ५० हर्ट्‌झच्या विजेची गुणगुणही पकडतं. ही गुणगुण मारण्यासाठी गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळ्यांचा पिकअप तयार केला आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. हाच हंबकर. दोन्ही वेटोळ्यांतली गुणगुण एकमेकींना मारते, तारांचा सिग्नल मात्र एकत्र येतो. म्हणून हंबकरचा सिग्नल सहसा जोरकस असतो, मिड भरलेला असतो आणि वरची धार थोडी मऊ असते.

हा वाढलेला सिग्नल अ‍ॅम्पमधल्या पहिल्या व्हॉल्व्हवर, म्हणजे बहुतेक वेळा १२एएक्स७ वर येतो. युरोपात याच व्हॉल्व्हला ईसीसी८३ म्हणतात. तिथून तो मोठा होऊन पुढच्या टप्प्यावर आदळतो, आणि पूर्वी व्हॉल्यूमचा नॉब सहावर असताना फाटणारा आवाज आता चारवरच फाटू लागतो. त्यात बासही जास्त असेल तर फाटलेल्या आवाजात स्वर वेगळे ओळखू येत नाहीत.

आता नॉबकडे जाण्याआधी पिकअपकडे पाहा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअप यांतलं अंतर मोजा. दोन ते अडीच मिलिमीटर ही सुरुवातीला चांगली जागा. जाड तारांकडची बाजू किंचित खाली ठेवा. सिग्नल फार तापट वाटला तर पिकअपचे स्क्रू फिरवून तो थोडा उतरवा. गढूळपणाचा मोठा भाग इथेच जातो, आणि याला खर्च काही नाही.

मग गिटारचे व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा. अ‍ॅम्पवर बास, मिड, ट्रेबल पाचवर आणि प्रेझेन्स शून्यावर आणा. गेन हळूहळू वाढवा. हलक्या हाताने छेडल्यावर स्वच्छ आणि जोरात छेडल्यावर जरासा फाटणारा आवाज आला की थांबा. त्यानंतर बास तीनपर्यंत उतरवून पाहा, मग मिड आणि शेवटी ट्रेबल. हे तिन्ही नॉब एकाच सर्किटमध्ये गुंतलेले असतात. एक फिरवला की बाकी दोघांचा परिणामही सरकतो, म्हणून पुन्हा एकदा सगळ्यांवरून हात फिरवा. प्रेझेन्स पॉवर टप्प्यावर काम करतो, त्याला सर्वांत शेवटी हात लावा.

अ‍ॅम्पची जातही महत्त्वाची. साठच्या दशकातल्या फेंडर धाटणीत टोनचं सर्किट व्हॉल्यूमच्या आधी येतं, म्हणून तिथे बास कमी केला की फाटण्याआधीच गढूळपणा निघून जातो. जुन्या मार्शल धाटणीत ते सर्किट प्रीअ‍ॅम्पच्या शेवटी असतं. तिथे बासचा नॉब उशिरा काम करतो. गेन किंवा गिटारचा व्हॉल्यूम उतरवणं जास्त उपयोगी. फेंडर धाटणीच्या अ‍ॅम्पला इनपुटचे दोन जॅक असतील तर दुसऱ्यात सिग्नल निम्मा होतो. तिथला इम्पीडन्सही १ मेगओमवरून सुमारे १३६ किलोओमवर येतो, त्यामुळे ट्रेबल थोडा बसतो, हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या राजूरची गोष्ट. आपल्याकडे अ‍ॅम्पचा आवाज विजेवरही ठरतो. शेतीपंप सुरू असताना व्होल्टेज २३० वरून १९० वर आलं, तर व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ ऐवजी साधारण ५.२ व्होल्ट मिळतात. पॉवर व्हॉल्व्हचा दाबही त्याच प्रमाणात पडतो. मग आवाज लवकर फाटतो आणि दबका होतो. दुपारी लावलेले आकडे रात्री पंप बंद झाल्यावर वेगळेच वाजतात. म्हणून चांगला स्टॅबिलायझर घ्या, आणि नॉब लावण्याआधी व्होल्टेज पाहून घ्या. अर्थिंग नीट आहे का, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासा. गिटारच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसताना ओठ मायकला टेकले तर झटका बसू शकतो. परदेशातून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प योग्य क्षमतेच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय कधीही लावू नका.

जागा आणि आवाजाची पातळी हाही त्याच हिशेबाचा भाग. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज लहान असताना आपल्या कानाला बास कमी ऐकू येतो. पत्र्याच्या खोलीत हळू आवाजात तुम्ही बास वाढवता, आणि गणेशोत्सवाच्या मंडपात आवाज मोठा होताच तोच बास घुमतो. खोलीत पत्र्यावरून परतणारी तीक्ष्ण धार उघड्या मैदानात नसते, म्हणून तिथे ट्रेबलही वेगळा लागतो. राजुरेश्वराच्या गावात अंगारकीच्या गर्दीत वाजवायचं असेल, तर जिथे वाजवणार तिथेच, त्याच आवाजात नॉब लावा.

एका गैरसमजाला मात्र थारा देऊ नका. गिटार बदलली म्हणून पॉवर व्हॉल्व्हचं बायस (सिग्नल नसताना त्यातून किती प्रवाह वाहावा, ते ठरवणारं व्होल्टेज) बदलावं लागत नाही. बायस व्हॉल्व्ह आणि अ‍ॅम्पच्या आतल्या व्होल्टेजवर ठरतं, गिटारवर नाही. शिवाय अ‍ॅम्प बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले राहू शकतात. अ‍ॅम्प उघडून बायस लावणं हे जाणकाराचंच काम.

नव्या गिटारचे आकडे मिळाले की एका वहीत गिटार, पिकअपची उंची, जागा आणि व्होल्टेज यांसह लिहून ठेवा. नुसता ‘बास तीन’ एवढाच आकडा पुढच्या वेळी काही सांगणार नाही. तो कशासाठी आणि कोणत्या स्थितीत लावला, हे शेजारी असेल तरच कामाला येईल.

पुढच्या आठवड्यात : स्पीकरचे ओम, आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प का सुरू करू नये.