पेटीतला भूकंप

१६ जून १९६४ रोजी जपानमधील निगाता शहराला भूकंपाने हादरवले. कावागिशी-चो वसाहतीतील चार मजली इमारती कलल्या. एक तर जवळजवळ आडवीच झाली. पण त्यांची मोडतोड फारशी झाली नाही. काही रहिवासी चक्क बाहेरच्या भिंतीवरून चालत खाली उतरले. इमारती भक्कम होत्या, दगा दिला तो खालच्या वाळूने.

पाण्याने भिजलेली सैल वाळू हादरली की तिचे कण जवळ जवळ बसू पाहतात. मधल्या पाण्याला निसटायला वेळच मिळत नाही, त्याचा दाब वाढतो, कण एकमेकांवर टेकेनासे होतात आणि जमीन काही काळ घट्ट पिठल्यासारखी वागते. यालाच मातीचे द्रवीकरण म्हणतात. २००१च्या भूकंपात कच्छच्या रणातही जमिनीतून पाणी आणि वाळू उसळून वर आली होती.

अशा जागी धरण किंवा बंदर बांधायचे तर भूकंपात जमीन किती सरकेल, याचे गणित आज संगणक करतो. ते बरोबर आहे हे कशावरून? खऱ्या भूकंपाची वाट पाहत बसणे परवडणारे नाही, म्हणून तो प्रयोगशाळेत घडवावा लागतो.

परातीत वाळू भरून हलवल्याने मात्र भागत नाही. वाळूचे वागणे तिच्यावरच्या वजनावर ठरते, आणि आठ सेंटीमीटरच्या थरात चार मीटर खोलीवरचा दाब कुठून येणार? म्हणून वाळूची पेटी गोफणीतल्या दगडासारखी, लांब लोखंडी हाताला लावून गरगर फिरवतात. गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट ओढ निर्माण झाली की आठ सेंटीमीटरचा थर चार मीटरच्या थरासारखा दबतो. फिरता फिरताच पेटीला हादरे दिले जातात. या यंत्राला सेंट्रिफ्यूज म्हणतात. मुंबईच्या आयआयटीतही एक मोठे सेंट्रिफ्यूज आहे. यातही एक गोम आहे. छोट्या प्रतिकृतीतून पाणी हादऱ्यांच्या मानाने फार लवकर निसटते. त्यामुळे पाण्यात सेल्युलोजपासून बनवलेली भुकटी कालवून ते तितकेच पट दाट करावे लागते.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘व्हेलॅक्स’ या प्रकल्पात अशा प्रयोगांवर संगणकी गणिते घासून पाहिली गेली. प्रयोग होण्यापूर्वीच अंदाज लिहून द्यायचे, अशी अट होती. ती योग्यच होती, कारण उत्तर हाती आल्यावर आकडे जुळवणे कोणालाही जमते. अंदाजांमध्ये मोठी तफावत निघाली. अडचणीची गोष्ट अशी, की वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी केलेला एकच प्रयोगही नेहमी तंतोतंत जुळला नाही. मापच डळमळीत असेल तर चूक कोणाची म्हणायची?

‘लीप’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने नेमके हेच दुखणे हाती घेतले. २०१७ मध्ये नऊ केंद्रांनी एकाच प्रकारची वाळू घेऊन, पाण्याखालच्या पाच अंशांच्या उतारावर २४ चाचण्या केल्या. वाळू किती घट्ट बसली आहे हे कळावे म्हणून एकाच आराखड्याची बारीक शंकूची सळई तिच्यात खुपसली. वाळूचा घट्टपणा आणि हादऱ्यांचा जोर मुद्दाम कमीजास्त ठेवला. त्यातून, अमुक घट्टपणाला आणि अमुक हादऱ्याला उतार साधारण किती घसरतो आणि त्यात किती फरक पडू शकतो, याचा एक पट्टा मिळाला.

संगणकाचा अंदाज एखाद्या सुट्या आकड्याऐवजी आता या पट्ट्याशी ताडून पाहता येतो. पाण्याचा दाब कसा चढतो हे अनेक गणितांना बऱ्यापैकी जमते. उतार किती सेंटीमीटर सरकेल, तिथे ती अजून अडखळतात. बंदर बांधणाऱ्याला हवा असतो तो हाच आकडा.